चिपाडातली बुरशी आणि ‘ड’ची पुडी: करवीर तालुक्यातलं एक प्रकरण

आधीच सांगतो, हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. कोल्हापूर परिसरात दम्याचे आणि बुरशीच्या ॲलर्जीचे जे रुग्ण येतात, त्यांच्या गोष्टी एकत्र गुंफून ते मांडलंय. यातली बाई, तिचं घर आणि रिपोर्टांतले आकडे कुणा एकाचे नाहीत. संशोधनाचे म्हणून जे आकडे येतील, ते मात्र जसेच्या तसे आहेत.

रुग्ण ४२ वर्षांची. पंचगंगेकाठचं गाव, घरचं गुऱ्हाळ. हंगामात नवरा काहिलीजवळ असतो आणि ताईंच्या वाट्याला चिपाड येतं. चरकातून निघालेलं ओलं चिपाड पसरायचं, वाळवायचं, गंजी लावायची आणि चुलवाणाला पुरवायचं. खोकला आठ-नऊ वर्षांपासून. पावसाळ्यात वाढायचा आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू झालं की आणखी वाढायचा. रात्री छातीत शिट्टी वाजायची. मध्ये एकदा एक्स-रेवर डाग दिसला म्हणून सहा महिने टीबीची औषधं झाली होती. बेडक्यात जंतू कधीच सापडले नव्हते. छातीवर सावली दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचाच, आणि टीबीचं प्रमाण बघता तो चूकही म्हणता येत नाही. चूक होते ती पुढे. औषधांनी फरक पडला नाही, तरी निदान मात्र तेच राहतं.

“लई औषधं झाली बघा. ह्यो खोकला काय पाठ सोडंना झालाय,” ताई म्हणाल्या. मालक जोडीला होतेच. त्यांनी पिशवी टेबलावर ओतली. गुळवेलीचा काढा, क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या, ‘इम्युनिटी’ लिहिलेला पावडरचा डबा आणि ५० मिलिग्रॅम झिंकच्या गोळ्या. झिंक कोविडच्या लाटेत सुरू झालं होतं, ते अधूनमधून अजून चालूच होतं. “प्रतिकारशक्ती कमी हाय हिची. ती वाढवायचं कायतरी द्या.”

ताईंची प्रतिकारशक्ती कमी नव्हतीच. ती भलत्याच दिशेला पेटलेली होती, आणि इथून पुढचा सगळा उलगडा यातूनच होतो.

काय सापडलं

खोकताना कधीकधी तपकिरी, रबरासारख्या गाठी पडतात का, असं विचारल्यावर ताईंनी लगेच मान डोलावली. हा प्रश्न दम्याच्या रुग्णाला फार क्वचित विचारला जातो. तपासण्यांत एकूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं, ४,८०० आययू प्रति मिलिलिटर निघालं. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीविरुद्धचं आयजीई १८ होतं, आणि तिथे ०.३५ च्या वर गेलं की ॲलर्जी धरतात. ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, इओसिनोफिल, १,४०० होत्या. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाच्या मधल्या भागातल्या श्वासनलिका फुगलेल्या आणि त्यात दाट, घट्ट चिकटा अडकलेला. बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे जंतूंची जनुकीय तपासणी, टीबीसाठी निगेटिव्ह.

निदान एबीपीए, म्हणजे श्वासनलिकांमधला ॲस्परजिलसचा ॲलर्जिक आजार. १९५२ साली इंग्लंडमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. आज त्यावरचं जगातलं बरंच मोलाचं काम चंदीगडच्या पीजीआयमधून येतं. निदानासाठी एकूण आयजीईची मर्यादा २०१३ च्या निकषांत १,००० होती, ती २०२४ च्या सुधारित निकषांत ५०० वर आणली. ताईंचा आकडा दोन्हींच्या कितीतरी वर होता.

उसाच्या चिपाडाचा आणखी एक आजार पुस्तकांत असतो, बॅगॅसोसिस. त्यात चिपाडात काम केल्यावर काही तासांनी ताप, अंगदुखी आणि धाप येते. तो आयजीईचा खेळ नसतो आणि बहुतेक वेळा त्याचं कारण बुरशीही नसते, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू असतात. ताईंना ताप कधी आला नव्हता आणि आयजीई आभाळाला टेकलेलं होतं, म्हणून तो बाजूला ठेवला.

आता दुसरा कागद. हिमोग्लोबिन ९.१. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ७. ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम. तिन्ही कमी.

मालकांना हा दुसरा कागद जास्त पटला. “बघा, म्हनत हुतो न्हवं?” आणि लगेच कोड्यात पडले. घरात गुळाची रास, रोजच्या चहात गूळ, आणि बायकोचं रक्त कमी कसं? “गुळानं रगत वाढतंय म्हनत्यात की.”

गूळ खाऊन लोह कमी

गुळात लोह असतं, पण १०० ग्रॅममध्ये ५ ते १० मिलिग्रॅम धरलं तरी दिवसाच्या १५-२० ग्रॅम गुळातून एक-दोन मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. पाळी सुरू असलेल्या बाईची रोजची गरज आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम आहे. त्यात वनस्पतिजन्य लोह शरीरात शिरतं थोडंसंच, आणि तेही चहासोबत घेतलं तर चहातलं टॅनिन त्याला अडवून धरतं. ताईंचा गूळ पोटात जायचा तो चहातूनच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं कोल्हापूर, पण मटण घरात बुधवारी किंवा रविवारी, आणि फोडी आधी पुरुषांच्या ताटात. ताईंच्या वाट्याला बहुतेकदा रस्सा. मुख्य गळती मात्र वेगळीच होती. पाळीत अंगावर खूप जायचं, सात-आठ दिवस. ते त्यांनी स्वतःहून कधीच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवल्यावर गर्भाशयात गाठ निघाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे दम्याच्या ओपीडीत आलेल्या निम्म्याहून अधिक बायकांची धाप दोन कारणांची असू शकते. ताईंची तशीच होती. रात्रीची शिट्टी श्वासनलिकेची, आणि जोतिबाच्या पायऱ्या चढताना लागणारा दम बराचसा हिमोग्लोबिनचा. दोन्ही एका पंपावर, म्हणजे इनहेलरवर, ढकलली गेली होती. पंप वाढवत नेला तरी पायऱ्यांवरचा दम जाईना, मग “औषध लागू पडत न्हाई” ठरलं.

फेरिटिनबद्दल एक गोष्ट डॉक्टर मित्रांसाठी. आत जळजळ असली की शरीर लोह साठ्यात दडवतं आणि फेरिटिन वर जातं. त्यामुळे अशा रुग्णात फेरिटिन ६० आलं तरी लोह पुरेसं आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. ताईंचं एवढ्या जळजळीतही ७ होतं. तिथे शंकेला जागाच नव्हती.

आणि ड? दिवसभर उन्हात चिपाड पसरणाऱ्या बाईचं ड जीवनसत्त्व ११ कसं? त्यांना कामावर पाहिलं की कळतं. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला टॉवेल, फक्त डोळे उघडे. चिपाडाची कुसळं टोचू नयेत म्हणून हे सगळं लागतंच. उन्हात उभं राहिलं तरी ऊन कातडीला लागत नाही.

बुरशी फुफ्फुसात काय करते, आणि ही तत्त्वं मध्ये कुठे येतात

ॲस्परजिलसचा बीजकण दोन-तीन मायक्रॉनचा. नाकात, घशात न अडकता तो थेट खोलवर पोचतो. ओल्या चिपाडाची गंजी आतून तापते, हात घातला तर चटका बसेल इतकी. बहुतेक बुरश्या त्या उष्णतेत तगत नाहीत, पण फ्युमिगेटस ५० अंशांच्या आसपासही वाढते. जी बुरशी तापलेल्या गंजीत मजेत राहते, तिला माणसाचं ३७ अंशांचं फुफ्फुस अंगणासारखंच. ताईंच्या श्वासनलिकेत बीजकण रुजायचे, त्यांच्या विकरांनी अस्तर दुखावलं जायचं आणि अस्तराच्या पेशी धोक्याचे रेणू सोडायच्या. मग टी पेशींपैकी टीएच-२ गट पुढे सरसावायचा. त्यांच्या आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ या संदेशांनी अनुक्रमे आयजीई, इओसिनोफिल आणि चिकटा वाढत गेला. बुरशी मारायला खरं तर टी पेशींचा टीएच-१ गट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लागतात.

सूक्ष्म पोषकतत्त्वांचा प्रवेश इथे होतो, आणि तो खरा आहे. झिंक कमी पडलं की माणसात टीएच-१ चे संदेश घटतात आणि टीएच-२ चे बरेचसे तसेच राहतात. स्वयंसेवकांना ठरवून कमी झिंकचा आहार देऊन हे १९९० च्या दशकात अमेरिकेत दाखवलं गेलं. लोहाचंही तसंच. प्रयोगशाळेत लोह तोडलं तर टीएच-१ पेशी आधी मान टाकतात आणि टीएच-२ तग धरतात. अ जीवनसत्त्वापासून होणारं रेटिनॉइक आम्ल शांत करणाऱ्या नियामक टी पेशी घडवायला मदत करतं. सगळीकडे ढंग एकच दिसतो. कमतरता आली की तराजू ॲलर्जीच्या बाजूला कलतो.

ड जीवनसत्त्वाचं काम तर थेट याच बुरशीवर झालंय. २०१० साली सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतल्या टी पेशी ॲस्परजिलससमोर ठेवून पाहण्यात आल्या. एबीपीए असलेल्यांमध्ये टीएच-२ चा जोर जास्त आणि रक्तातलं ड कमी निघालं. प्रयोगशाळेतल्या बशीत ड घातल्यावर तो जोर उतरला. टी पेशींना इशारा देणाऱ्या डेंड्रिटिक पेशींवरचा ओएक्स-४० लिगँड हा चिथावणारा रेणू घटला, हे त्यातलं मर्म. पुढे त्याच आजाराच्या मोजक्या रुग्णांना रोज ४,००० युनिट ड देऊन पाहिलं. बुरशीविरुद्धचा आयएल-१३ प्रतिसाद कमी झाला. तुलनेला औषधाविना ठेवलेला गट मात्र त्यात नव्हता.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, मग द्या ड. मलाही हा अभ्यास आवडतो. पण सिस्टिक फायब्रोसिस हा वेगळा आजार, बशी वेगळी आणि करवीर तालुक्यातली बाई वेगळी. साध्या दम्यावर ज्या मोठ्या चाचण्या झाल्या त्यांनी हिरमोड केलाय. २०१४ मध्ये ड कमी असलेल्या ४०८ प्रौढ दमेकऱ्यांवरच्या अमेरिकी चाचणीत औषध निष्प्रभ ठरण्याचं प्रमाण ड दिल्याने घटलं नाही. २०२० मध्ये १९२ मुलांवरची चाचणी उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवली. चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने आशा दाखवली होती, २०२३ च्या आढाव्याने ती काढून घेतली. हे अभ्यास बुरशीच्या ॲलर्जीवरचे नव्हते, हे खरं. तरी कमतरतेने बिघडतं म्हणून भरपूर दिल्याने बरं होतं, हा उलटा हिशेब जुळत नाही एवढं त्यातून दिसतं. दुकानातल्या ‘इम्युनिटी’च्या डब्यांचा सगळा धंदा याच उलट्या हिशेबावर चालतो.

“लोह दिलं तर काळी बुरशी वाढंल की”

औषध लिहायच्या आधी मालकांनी हा प्रश्न टाकला. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या, आणि लोह-झिंकने बुरशी पोसते असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं.

प्रश्न वेडगळ नाही. बुरशीला लोह लागतंच. ॲस्परजिलस सिडेरोफोर नावाचे रेणू सोडून आपल्या शरीरातून लोह ओढून घेते. न्यूट्रोफिल कॅलप्रोटेक्टिन सोडून झिंक आणि मँगनीज आधीच कुलूपबंद करतात. बुरशीच्या ज्या प्रथिनांची एबीपीएच्या रुग्णांना ॲलर्जी असते, त्यातलं एक चक्क मँगनीज धरून काम करणारं विकर आहे. म्हणजे या मूलद्रव्यांवरून दोन्ही बाजूंची ओढाताण चालूच असते. पण म्युकरचा धोका अनावर साखर, रक्तात मोकळं फिरणारं जादा लोह आणि भरमसाट स्टेरॉइड यांच्या जोडीने येतो. फेरिटिन ७ असलेल्या बाईला तोंडाने दिलेलं लोह साठे भरायला जातं. झिंकबद्दल मात्र त्यांची भीती वेगळ्या कारणाने कामाची होती. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक महिनोन्‌महिने घेतलं की तांबं शोषलं जात नाही आणि त्यानेही ॲनिमिया होतो. ५० ची गोळी त्या दिवशीच बंद केली.

उपचार

मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅमने सुरू करून चार महिन्यांत उतरवत नेलं. जोडीला इनहेलर, नीट तंत्र शिकवून. त्या आधी तो तोंडाबाहेर फवारत होत्या.

लोह एक दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत. आधी आणि नंतर दोन तास चहा नाही. रोज दिलं तर पहिल्या गोळीनेच लोहाचं शोषण रोखणारं हेपसिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते, शिवाय पोट बिघडतं. चहाची अट ताईंना गोळीपेक्षा जड गेली.

ड ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्याला एक. इथे ड द्यायचं पहिलं कारण हाडं होती. चार महिने स्टेरॉइड घेणाऱ्या, पाळी जाण्याच्या वयाकडे निघालेल्या बाईचं ड ११ ठेवणं म्हणजे मणक्याचं फ्रॅक्चर बोलावणं. बुरशीच्या ॲलर्जीवर त्याने काही भलं झालं तर होवो, त्या आशेवर मात्र ते लिहिलं नव्हतं.

आणि चिपाड बंद. घरातही काम निघालं. २०१९ आणि २०२१ दोन्ही महापुरांत पाणी खिडकीपर्यंत होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेलेली. भिंतीचे पोपडे खरवडून वर रंग दिला होता, पण कपाट सरकवल्यावर मागे काळी नक्षी हातभर. माळ्यावरच्या वाकळांना कुबट वास. वाकळा जाळल्या, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, आणि भिंत सुकेपर्यंत ताईंची झोपायची जागा बदलली.

आठ आठवड्यांनी, आणि श्रेयाचा घोळ

आयजीई ४,८०० वरून २,१०० वर आलं. २० ते २५ टक्के उतार हाही प्रतिसाद धरतात, हा तर निम्म्याहून जास्त. तपकिरी गाठी बंद. हिमोग्लोबिन १०.९, पायऱ्यांवरचा दम ओसरला. ड ३४.

गावात बातमी पसरली ती अशी: “त्या पुडीनं फरक पडला.” स्टेरॉइडची गोळी रोजची, साधी, पांढरी. पुडी आठवड्याची, दुधात घालून घ्यायची, चवीला गोड. कौतुक तिच्याच वाट्याला गेलं. नणंदेला सर्दी-शिंकांचा त्रास होता. तिने मेडिकलमधून त्याच पुड्या आणल्या आणि रोज एक घ्यायला लागली, दोन-अडीच महिने. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि दिवसभर गुंगी घेऊन ती आली तेव्हा रक्तातलं कॅल्शियम १३.१ होतं. सलाइनवर ठेवावं लागलं. ड चरबीत साठतं, त्यामुळे पुड्या थांबवल्यावरही कॅल्शियम खाली यायला कितीतरी आठवडे गेले.

खरं सांगायचं तर आठ आठवड्यांचा तो आकडा कशामुळे उतरला, हे त्या कागदावरून डॉक्टरही सांगू शकत नाही. स्टेरॉइड, ड, लोह, चिपाड बंद, वाकळा जाळल्या, सगळं एकाच आठवड्यात सुरू झालं होतं. अंदाज बांधायचा तर स्टेरॉइडच्या बाजूने बांधावा, कारण त्याने असा उतार पडतो हे चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलंय. पायऱ्यांवरच्या दमाचं श्रेय लोहाचं. ड ने हाडं राखली असावीत. आयजीईत त्याचा वाटा असलाच तर या प्रकरणातून तो दिसत नाही.

दुसरा हंगाम

पुढच्या हंगामात मजूर मिळेनात. स्टेरॉइड बंद होऊन काही महिने झाले होते, ताईंना बरं वाटत होतं, त्या पुन्हा चिपाडावर उभ्या राहिल्या. जानेवारीत रात्रीची शिट्टी परत आली. स्थिरावलेलं आयजीई १,६०० होतं, ते ३,४०० वर गेलेलं. पन्नास टक्क्यांच्या वर वाढ आणि सोबत लक्षणं, म्हणजे आजार उलटला.

त्याच दिवशीचा दुसरा कागद: हिमोग्लोबिन १२.२, फेरिटिन ४८, ड ३८. गेल्या खेपेला ज्या तीन आकड्यांवर सगळ्यांचं बोट होतं ते तिन्ही आता चांगले, आणि आजार तरी परत आला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. एबीपीए मुळातच उलटणारा आजार आहे, चिपाड नसतं तरी उलटला असता कदाचित. तरीही पोषण भरून काढलं की बुरशी कितीही श्वासात गेली तरी शरीर सावरून घेईल, ही कल्पना या कागदासमोर टिकत नाही. मालकांनी दोन्ही वर्षांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग विचारलं, “म्हंजी पुडीचा काय संबंधच न्हाई?” संबंध आहे, हाडांशी. महिन्याची पुडी चालू ठेवली. ड ३८ असताना त्याहून जास्त देण्याचं कारण नव्हतं.

या खेपेला इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध निवडलं, स्टेरॉइडचा दुसरा फेरा टाळायला. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, कारण ती पोटातल्या आम्लाशिवाय शोषली जात नाही. ताई ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घ्यायच्या, ती थांबवली. त्या गोळीने लोहाचं शोषणही कमी होतं. हे औषध काही इनहेलरमधल्या स्टेरॉइडची रक्तातली पातळी फुगवतं, म्हणून इनहेलरही बदलला.

आता ताई गुळाचे रवे बांधायला आणि वजनकाट्यावर बसतात. चिपाडाला बाहेरची बाई लावलीय. तिच्याबद्दल ताईंनीच विचारलं, “माझ्यागत तिला व्हायचं न्हाई न्हवं?” बहुतेकांना होत नाही. एबीपीए होतो तो दमा असलेल्यांतल्या थोड्यांना, ज्यांचं शरीर या बुरशीविरुद्ध आयजीई तयार करतं. पण त्या बाईला दमा आहे का, रात्री खोकला येतो का, हे कामाला ठेवताना कुणी विचारलं नव्हतं. ताईंनी ते जाऊन विचारलं. दमा नाही. तरी तिला एन-९५ मास्क दिलाय, आणि चिपाड ओलं असताना गंजी लावायची नाही, आधी दोन उन्हं द्यायची, असं ठरलंय. मास्क चुलवाणाच्या धगीत तासाभरातच गळ्यात येतो. उन्हं देणं मात्र पाळलं जातं, कारण वाळलेलं चिपाड चांगलं जळतं आणि गुळव्यालाही तेच हवं असतं.